सहीचा नमुना

५ डिसेंबर ९४, सिल्वासा
लागले एकदाची. मनुभाईंचं शेअर्सचं ऑफिस, नरोली रस्त्याला. महिनाभर बघू म्हणाले, जमलं तर कायम. लग्नानंतर बारा वर्षं घरी बसलेली वनस्पतिशास्त्राची मास्तरीण, आणि शेअर्स! आई गं. दिवसभर तरंगतच होते.

९ डिसें.
शेअर विकणाऱ्याने फॉर्मवर सही करायची, शेजारी साक्षीदाराने. साक्षीदार मी. आज एकाच गिऱ्हाइकाचे वीस फॉर्म. हात आपला चालत होता. खिडकीतून ऊन, खाली टेम्पोवाल्यांचं गुजराती-हिंदी, आणि मी नाशिकच्या कॉलेजात, फळ्यावर पिंपळाचं पान काढतेय...

१० डिसें.
घोळ. वीसच्या वीस फॉर्मवर नाव अपर्णा देवधर आणि सही कुमुद वैद्य. माहेरची! कामावरची शेवटची सही तीच होती, हाताला तीच ठाऊक. म.भा. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. "बेन, असे कागद मुंबईहून परत येतात," एवढंच. नवे फॉर्म, गिऱ्हाइकाच्या सह्या पुन्हा, सगळं सोमवारपर्यंत. नाहीतर महिना भरायच्या आतच घरी, हे न सांगता कळलं.

११, रविवार
गिऱ्हाईक म्हणजे शिरपूरकडचे पवारभाऊ, कारखान्यात सुपरवायझर, रांध्याला खोली घेऊन राहतात. बसने गेले. भात कापलेली शेतं, धुकं, मधेच ताड. खरं तर लाज वाटायला हवी होती. पण मी आपली मनात घोळवत होते, कुमुद, कुमुद. किती वर्षांत कुणी हाक मारली नाही. पवारभाऊंनी कुरकुर न करता वीस सह्या दिल्या, वर चहा पाजला. शेजारी मी, दर वेळी थांबून, अपर्णा देवधर.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हसतील वाटलं. हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताटातल्या तांदळावर अंगठीने अपर्णा मीच लिहिलं. तुला विचारलंच नव्हतं, नाही?"
बारा वर्षांनी! रडू आलं. रागही आला, खूप.

१२ डिसें.
फॉर्म मुंबईला गेले. म.भा. म्हणाले, महिन्याचं राहू दे, या रोज. फक्त सहीचा नमुना द्या. जी द्याल ती कायमची, मग बदलायची नाही. कोरा कागद पुढे सरकवला.
पेनचं टोपण काढलं. म्हटलं, उद्या देते.