नवलदादाचं नाव

ता. शहादा, तापीकाठ
बुधवार, २९ जानेवारी २०२५

प्रिय शौकत,

सलाम. नईमाभाभींचा गुडघा आता कसा आहे? थंडीत लसणाचं तेल चोळायला सांग, आमच्याकडे सुंदरबाईला त्याने उतार पडला. इकडे मिरची वाळत पडली आहे, सारं गाव खोकतं आहे. बाकी खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

काल तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवटच बोललो. आमचा भूपेश समोर ओट्यावर बसला होता. त्याच्यादेखत मी तुझ्याशी फक्त शाळेतल्या गोष्टी बोलू शकतो, म्हणून त्याच बोललो. गुरुजी कविता चालीवर म्हणायला लावायचे, तू दुसऱ्या कडव्यात अडखळायचास आणि मी मागून पुटपुटायचो. तू हसलास. तुला वाटलं असेल, म्हातारा चळला. मी विचारलं पिस्तुलाचं आणि हा कवितेवर गेला.

तर आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. भूपेशने पिस्तुलावर बसवायला ती लाल ठिपक्याची नेमाची काच आणून दिली आहे. तू म्हणालास, दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे मागची नेमाची खाच ठोकून काढायची, तिच्या जागी पट्टी सरकवायची आणि पट्टीवर काच कसायची. अर्ध्या तासाचं काम, हवं तेव्हा काढताही येतं. दुसरी तऱ्हा म्हणजे वरची सरकती स्लाइडच यंत्रावर कापून काचेला बैठक करायची. तशी काच खाली बसते, हात वर नेला की ठिपका शोधावा लागत नाही. पण कापलेलं लोखंड परत भरून येत नाही, आणि कापायची जागा नेमकी तिथेच, जिथे तुझ्या अब्बांनी आमच्या नवलदादाचं नाव कोरलं होतं. म्हणून तू भूपेशला न विचारता मला विचारलंस. तुझे उपकार आहेत.

ते कोरीवकाम मला आठवतं. दादाने पिस्तूल घेतलं तेव्हा मी बरोबर होतो. अब्बा भिंगातून बघत एकेक अक्षर काढत होते आणि तू पंखा हलवत होतास, वीज गेली होती म्हणून. नावाखाली त्यांनी वेल काढली, दादाने सांगितली नव्हती तरी. दादा म्हणाला, हत्याराला वेल कशाला? अब्बा म्हणाले, असू दे, हात जरा थांबेल. पुढे नवनीतला त्यात गोडी नव्हती, म्हणून दादाने हयातीतच ते भूपेशच्या नावावर करून दिलं. आपल्या मुलाला न देता पुतण्याला दिलं. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं तेव्हा. दोघं भाऊ एका ताटात जेवायचे.

भूपेशने तुला सांगितलं असेल की पपईच्या बागेत बिबट्या येतो. मीही फोनवर त्याच्यासमोर नुसतं हो म्हणालो. शौकत, बिबट्या दिवाळीपासून इकडे फिरकलेला नाही.

आमची पाण्याची पाइपलाइन नवनीतच्या शेतातून येते. त्याने ती उकरून टाकली. पपई पिवळी पडली. भूपेश बोलायला गेला तर नवनीतने बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्याच्या कानाखाली वाजवली. भूपेशने हात उचलला नाही. टोपी उचलली, झटकली आणि घरी आला. जेवलाही नीट. शिव्या देणाऱ्याची मला भीती वाटत नाही, भूपेशला तू ओळखतोस. हा त्या दिवसापासून कुणाला वेडावाकडा शब्द बोललेला नाही.

मग एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आप्पा, नवनीत मोटर चालू कराले कितला वाजता येस?"

किती दिवसांनी पोरगा जवळ बसला होता. मी सांगत सुटलो. म्हटलं, पहाटे येतो, बगळे नदीवरून उठायच्या आधी. तेव्हा धुकं असं असतं की माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. मोटारीच्या खोलीशी जरा वेळ पाठमोरा उभा राहतो, बिडी पेटवतो, तेवढाच काय तो उजेड. शाळेत पहाटेची कविता म्हणायचो तशाच चालीत मी हे सांगितलं असेन. तो नीट ऐकत होता. मला बरं वाटलं.

काच त्यानंतर आली. मी त्याला विचारलं, ही कशाला? तर म्हणाला, अंधारात नेम धरायची पुढची माशी दिसत नाही, लाल ठिपका दिसतो.

रात्री सुंदरबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत तिचे. एवढंच म्हणाली, "त्यानी वखत इचारा, तुम्ही कविता सांगी दिधी."

तो शुक्रवारी तुझ्याकडे येणार आहे, नमाजनंतर तू दुकान उघडलंस की. जे लवकर होईल ते करा, असं तुला सांगून आला आहे, मला माहीत आहे. पट्टी बसवलीस तर संध्याकाळी पिस्तूल घरात असेल. तू नाही म्हणालास तर तो सुरतेला नेईल, तिथे त्याला कुणी ओळखत नाही. पोलिसांकडे जाऊन काय सांगू? पोराने वेळ विचारली, एवढंच माझ्याकडे आहे.

म्हणून कापायला पाठव.

त्याला जे खरं आहे तेच सांग, की कापून बसवलेली काच अधिक चांगली. तो मानेल. स्लाइड बाहेरगावी यंत्रावर जाईल, परवानगीचे कागद लागतील ते सावकाश होऊ देत, आणि तोवर उरलेलं पिस्तूल नुसतं मुठीचं लोखंड. परत येईल तेव्हा ते आधीपेक्षा नेमकं असेल, हेही मला कळतं. त्याच्या आत मला माझं काम करायचं आहे. उद्यापासून पहाटे मी मोटारीच्या खोलीशी जाऊन बसणार आहे. नवनीत हाकलेल, बसेन. त्याचा बाप मला अंगाखांद्यावर घेऊन ही नदी उतरलेला आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पाइपलाइन मी माझ्या हाताने गाडेन, तो बघत उभा राहिला तरी चालेल.

हे पत्र सुंदरबाई स्वतः घेऊन येत आहे. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगितलंय. तिला चहा दे, काही विचारू नकोस.

आणि स्लाइड पाठवायच्या आधी एक कर. ते नाव एकदा मोठ्याने वाच, वर्गात उभं राहून वाचायचास तसं. अडखळलास तरी चालेल, या वेळी मागून सांगायला मी नाही. मग पाठवून दे.

नवलदादाचा धाकटा भाऊ,
सुकलाल