साल न काढलेले आठ खांब

मल्लेश्वरम, बेंगळूर
रविवार, ७ जुलै १९६३

तीर्थस्वरूप उमाजी अण्णांस,

नरसिंहरावाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सकवार अक्कांचा गुडघा आता कसा आहे? माझं नाव दिसलं की तुम्ही पत्र न फोडताच चुलीत घालाल, हे मला माहीत आहे, म्हणून पाकिटावर ते घातलंच नाही. आता फोडलंच आहे, तर रागावून का होईना, शेवटपर्यंत वाचा.

आधी कामाची बातमी देतो. भुंगेऱ्यानं मारलेली आपल्या भागातली सगळी झाडं उतरवून झाली. एकशे बेचाळीस सिल्व्हर ओक. शेवटचं परवा शाळेच्या कोपऱ्यावर पाडलं. दोन महिन्यांत एक विजेची तार तुटली नाही की कुणाच्या छपराचं एक कौल फुटलं नाही. आधी फांद्या दोरानं खाली सोडायच्या, मग खोड वरून तुकड्यातुकड्यानं, ही तुमचीच पद्धत. बघ्यांना मी सारखा "मागे व्हा, मागे व्हा" म्हणून ओरडत होतो. खरं सांगायचं तर बघायला कुणी आलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

रस्ता भुंडा दिसतो, नाही म्हणत नाही. दुपारी पोस्टात जायचं तर बायका पदर डोक्यावर ओढून घेतात. एका म्हातारबुवांनी मला भर रस्त्यात खाटीक म्हटलं. मी त्यांना हाताला धरून बुंध्यापाशी नेलं, साल उचकटून आतली नागमोडी पोखरण दाखवली आणि बुंध्याशी साठलेला पिठासारखा भुसा हातात दिला. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी कॉफीला बोलावलं.

लावणीचं मात्र मी या वेळी कुणाचं ऐकलेलं नाही. खात्याचा विचार पुन्हा एकजात सिल्व्हर ओकच लावण्याचा होता. मी म्हटलं, एकाच जातीची रांग म्हणजे किड्याला पंगतच वाढून ठेवायची. होंगे म्हणजे आपला करंज, जांभूळ, बकुळ, कडुनिंब असं मिसळून लावतो आहोत. खड्डे तीन हात खोल, त्यात तळ्याचा गाळ आणि शेणखत, भोवती बांबूचा पिंजरा. आजपर्यंत नव्वद रोपं लागली, त्यातली तीन गेली. तीही गाईंनी पिंजऱ्यातून तोंड घालून खाल्ली. दहा वर्षांनी या रस्त्यावर सावली नसेल तर माझं नाव बदला.

तुमच्या जागी आलेला मेस्त्री बरा आहे. पण कुऱ्हाडीची पाठ खोडावर मारून आवाजावरून आत पोकळ आहे की भरीव, ते सांगणं त्याला जमत नाही. गंमत म्हणजे तो मला विचारतो. मी ठोकून बघतो आणि ऐटीत सांगतो. तुम्ही शिकवलंत हे मात्र मी त्याला सांगत नाही. तुमचं नाव काढायचं तर पुढचंही सांगावं लागेल.

मागच्या दिवाळीआधी मी के. आर. पुरमला आलो होतो. तुम्हाला माहीत नाही. हातात अक्कांसाठी लुगडं होतं. स्टेशनाबाहेर तुम्ही स्टुलावर बसून लोकांच्या सायकली राखत होता. तीस वर्षं ज्यांनी या शहराची झाडं राखली ते उमाजी मेस्त्री! एका पोरगेल्या कारकुनानं तुम्हाला "ए अज्जा" म्हणून हाक मारली आणि तुम्ही उठून त्याची सायकल काढून दिलीत. मी तिथूनच परत फिरलो. लुगडं अजून कपाटात आहे. कृष्णाबाईनं कुणासाठी आणलं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

आता मुद्द्यावर येतो. आमचे नवे सुपरिंटेंडेंट अप्पासाहेब शिस्तीचे आहेत. त्यांनी मला सांगितलं, "नरसिंहराव, झाडतोडीचे नियम लिहून काढा, सगळ्या वॉर्डांना पाठवतो." मी खूश झालो, दोन दिवसांत बारा नियम लिहिले. पहिला नियम असा की, तोडलेल्या झाडाची साल जागेवरच सोलून जाळावी, सालीसकट लाकूड खात्याच्या आवाराबाहेर जाऊ नये. अप्पासाहेबांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "याखाली उदाहरण घाला. मेस्त्री उमाजी यांच्या निष्काळजीपणामुळे मल्लेश्वरमची झाडं कशी गेली ते लिहा. लोकांना दहशत बसेल."

मी टेबलाशी जाऊन बसलो. "मेस्त्री उमाजी यांच्या" इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द काही हाताला येईना.

अण्णा, तुम्हाला सगळं माहीत आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही, म्हणून एकदा माझ्या हातानं लिहितो. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या हेमलताचं लग्न. कृष्णाबाईनं हट्ट धरला की मांडवाचे खांब ओले, सालीसकट हवेत, सोललेल्या खांबांचा मांडव ती लेकीच्या लग्नात दारात उभा करू देणार नाही. सालीचा हुकूम तेव्हाही होताच. मी तुम्हाला म्हटलं, "अण्णा, आवारात पडलेत त्यातले आठ सरळ बघून द्या." तुम्ही म्हणालात, "नको रे, साल आहे त्यांना. स्वल्प थांब, सोलून देतो." मी म्हटलं, सोललेले चालणार नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सरी, देतो. हेमीचं लग्न आहे." तुम्ही स्वतः गाडीवर घालून आणलेत, मुहूर्तमेढ स्वतःच्या हातानं रोवलीत.

लग्नानंतर तुम्ही दोनदा येऊन सांगून गेलात की खांब जाळ. पण लेक पहिल्या दिवाळसणाला येईपर्यंत मांडवाचं लाकूड जाळायचं नाही, ही कृष्णाबाईच्या माहेरची रीत. म्हणून ते परसात विहिरीपाशी टेकून राहिले. भाद्रपदात मला त्यांवर बारीक भोकं दिसली, खिळा ठोकून काढल्यासारखी. मला कळलं होतं, अण्णा. हे मी आजवर कृष्णाबाईलाही सांगितलेलं नाही. मला त्याच दिवशी कळलं आणि मी कुणाला कळायच्या आत खांब जाळले. पण तोवर किडे उडून गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात आधी आमच्या दारातलं झाड वाळलं, मग सगळी रांग.

चौकशीत विचारलं, सालीसकट लाकूड बाहेर कुणी नेलं? तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाराची किल्ली माझ्याकडे होती." मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मला कल्पना नाही." तुम्ही शेजारीच बसला होता. मला वाटलं, हेमलताच्या सासरी बोभाटा नको म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तर मी बोलून तुमचा त्याग वाया का घालवू? बघा, माणूस स्वतःला काय काय समजावतो! तुम्हाला काढलं, तेही नोकरी संपायला वर्ष उरलेलं असताना. तीन महिन्यांनी मी ओव्हरसीअर झालो आणि पेढेही वाटले. मला लाज वाटते, अण्णा.

तर उदाहरण मी पुरं केलं. "मेस्त्री उमाजी यांच्या" खोडलं आणि लिहिलं, "ओव्हरसीअर नरसिंहराव यांनी मुलीच्या लग्नासाठी आठ खांब सालीसकट मागून नेले, त्यातून मल्लेश्वरमची झाडं गेली." खाली सही केली आणि कागद अप्पासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "शुद्धीवर आहात ना?" मी म्हटलं, आजच आलोय. घरी आल्यावर कृष्णाबाईला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "हट्ट माझा होता, माझंही नाव घाला." हेमलतालाही लिहिलं. तिच्या घरी जे व्हायचं ते होईल. निदान ते खऱ्यावर होईल.

चौकशी पुन्हा उघडली आहे, गुरुवार १८ तारखेला सकाळी अकराला. माझी नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, आणि आश्चर्य म्हणजे झोप छान लागते. रोपं जगतील. ती मी लावली आहेत आणि मला काम येतं.

तुम्हाला साक्षीला बोलावणं येईल. या. मी स्टेशनावर घ्यायला येईन. माझ्याशी बोलू नका, शेजारी बसू नका, चालेल. पण त्यांनी तुम्हाला विचारलं की खांब कुणाच्या सांगण्यावरून दिले, तर या वेळी मला वाचवू नका. माझं नाव सांगा, मोठ्यानं सांगा, आणि माझ्याकडे बघून सांगा.

तुमचा अपराधी,
नरसिंह