शिक्क्यावरची तारीख

प्रिय धम्मरत्न,

जय भीम. ‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन केला की मीटिंगमध्ये आहे ताई म्हणून तू मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. ते तुला मध्येच कापता येणार नाही.

परवा बाबांना यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. शुगरनं डावा डोळा गेलाच आहे, उजवा फार तर दिवाळीपर्यंत साथ देईल म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी काय मागावं? शिक्क्यांची वही. बत्तीस वर्षं त्यांनी बाभुळगावात सायकलवर टपाल वाटलं, डोंगर एकही चढले नाहीत. पण डोंगरावरच्या पोस्टांत तिकिटावर मारतात ते, तिथल्या चित्राचे शिक्के जिवापाड जमवले. कार्डावर आपलाच पत्ता लिहायचा, पाकिटात घालून तिथल्या पोस्टमास्तरला पाठवायचं, शिक्का मारून टपालात सोडा म्हणून विनवायचं. तुला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तू म्हणालास, बाबा, आता पाकिटं बंद, मी स्वतः चढून जाईन आणि कार्ड टाकीन. आठवडाभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

कार्डं आलीही. माउंट अबू, दार्जिलिंग, उटी. उटीच्या कार्डावर तर ‘बाबा, आत्ताच खाली उतरलो, पाय नुसते भरून आलेत.’ बाबांनी ते कार्ड चहावाल्यापासून शेजारच्या विठ्ठलरावांपर्यंत सगळ्यांना दाखवलं. चार वर्षांत तू घरी आला नाहीस. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरगा माझ्यासाठी डोंगर फिरून राह्यला.

परवा मी त्यांना एकेक शिक्का वाचून दाखवत होते. उटीच्या शिक्क्यावर नऊ फेब्रुवारी. अरे शहाण्या, नऊ फेब्रुवारीला तू राळेगावात मावशीच्या रुपालीच्या लग्नात माझ्या शेजारी बसून जिलेबी हाणत होतास! बाबा तापानं घरी पडून होते, घर तासाभरावर, तरी तू तिथूनच परत फिरलास. म्हणजे शिक्के पाकिटातूनच मागवलेस. बाबांचीच युक्ती बाबांवर! पोस्टमनच्या पोराला शिक्क्यावर तारीख असते एवढंही कळू नये? काही लाज? मी तारीख गिळली आणि पुढचं कार्ड उचललं.

तर बाबा हसले. म्हणाले, “दीपा, मी तारीख आंधी पाहतो, चित्र मंग. मले कधीचंच मालूम हाये.”

इतका संताप झाला माझा, तुझ्यावर आणि त्यांच्यावरही. विचारलं, मग काहून गावभर मिरवलं? त्यांनी कार्ड उलटून पत्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, पत्ता तर त्यानं आपल्या हातानं लिहिला ना.

आता नीट वाच. त्यांनी एक कोरं कार्ड काढून ठेवलंय. डोळा आहे तोवर चिखलदऱ्याला जायचंय, स्वतःच्या हातानं पेटीत टाकायला. मी गाडी सांगते म्हटलं, तर नको म्हणाले, धम्मरत्नसोबत जाईन. तिथं चित्राचा शिक्का मिळतो की नाही, मला माहीत नाही. साधा गोलही चालेल म्हणतात. फक्त त्यावर जी तारीख पडेल, त्या दिवशी तू त्यांच्या शेजारी उभा पाहिजेस.

अजून तरी तुझीच,
दीपाताई