ठमीला घेऊन यावे

तीर्थरूप आत्यास, लॅपटॉप मिटून आणि दोन्ही हात मोकळे करून घातलेला साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? औषधं वेळेवर घेत जा, असं लिहिणार होतो, पण कुणाला औषधाची आठवण करून द्यायची सोय मला हल्ली राहिलेली नाही. का, ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतेस आणि माझा धागा तुटतो.

'आमचा भाचा वेबसाइटी करतो' असं तू तुझ्या मैत्रिणीला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना, छातीठोकपणे सांगितलंस, तिथून हे सगळं सुरू झालं. (आत्या, 'करतो' आणि 'करायला शिकतो' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.) मी त्यांना वेबसाइट करून दिली. लोकांनी घरबसल्या भेटीची वेळ ठरवायची आणि लशीची किंवा औषधाची तारीख आली की फोनवर आपोआप मेसेज जायचा. माझ्या टेबलावर ती इतकी शहाण्यासारखी चालायची की काय सांगू. दवाखान्यात गेली आणि तिच्या अंगात आलं. काउंटरवरच्या ताईंचा रोज सकाळी फोन, "दादा, ते परत गोल गोल फिरतंय." मी जाऊन एक टाका घालावा, तर दुसरीकडे उसवायचं. वेबसाइट करणं सोपं, ती नांदवणं कठीण, हे मला तेव्हा कळलं. (तू हेच लग्नाबद्दल म्हणतेस.)

चालू वेबसाइटीत हात घालू नये, असं सगळे जाणते सांगतात. मी घातला. मालकाचं नाव आणि जनावराचं नाव यांची अदलाबदल झाली आणि गावभर मेसेज गेले. एका नामांकित वकिलांच्या घरी आला तो असा : 'प्रिय टायगर, आपल्या वकीलसाहेबांना जंताचं औषध देण्याची वेळ झाली आहे.' वकीलसाहेब नोटीस पाठवणार म्हणून मी दोन घास कमी जेवलो. पण त्यांच्या बायकोला तो मेसेज इतका आवडला की तिनं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि नोटिशीचं बारगळलं.

हे निस्तरतोय तोवर दुसरं उभं राहिलं, आणि यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. जुन्या वहीतली सगळी जनावरं ताईंनी आणि मी वेबसाइटीत भरली होती. त्यातली कोणती आता या जगात नाहीत, हे वहीत नव्हतं, डॉक्टरबाईंच्या डोक्यात होतं. माझ्या कोडला मरण हा प्रकारच ठाऊक नव्हता. त्यानं गेलेल्यांनाही लशीला बोलावलं. लोकांचे फोन आले. कुणी रागावलं, एक बाई नुसत्याच रडल्या. मी तोंड लपवत दवाखान्यात पोचलो, तर बाकाच्या टोकाला एक निवृत्त मास्तर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात घडी घातलेला कुत्र्याचा पट्टा. कुत्रं नाही. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या की यांची ठमी जाऊन दोन वर्षं झाली.

मी शेजारी बसलो आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. (मशीनवर ढकलता आलं असतं. पण पट्टा समोर असताना जीभ रेटेना.)

ते म्हणाले, "अरे, मला माहीत आहे ती गेली ते. मीच पुरलं तिला. पण मला वाईट वाटेल म्हणून घरात कुणी तिचं नावच काढत नाही. तुझ्या मेसेजनं काढलं. 'ठमीला घेऊन यावे.' म्हटलं, बोलावलंय तर जाऊन यावं."

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. प्रत्येक इंजेक्शनाला ठमी कशी चावायची, ते दोघं आठवत राहिले. बाईंनी अंगठ्यावरचा वण दाखवला, तेव्हा मास्तर अभिमानानं हसले. एवढे लोक खोळंबले होते, पण कुणी कुरकुरलं नाही. उलट टायगरला घेऊन आलेल्या वकीलसाहेबांनी ठमीचा रंग कोणता होता, ते विचारलं.

गेलेली सगळी नावं एका फटक्यात पुसायची, असं मी ठरवून आलो होतो. एका ओळीचं काम होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. तिथंच कोपऱ्यात बसून प्रत्येक नावापुढे एक चौकोन केला. त्यात खूण केली की मेसेज बंद. पण नाव, फोटो, वजन, कुणाकुणाला चावली ते, सगळं तसंच राहणार, आणि घरच्यांना हवं तेव्हा उघडून बघता येणार. आत्या, इंटरनेटवरून न उचलता मी स्वतः लिहिलेला हा पहिला कोड, आणि त्यानं अजून काही मोडलेलं नाही.

ठमीपुढची खूण मास्तरांनी स्वतः केली. बराच वेळ त्यांचं बोट बटणावर नुसतं टेकून होतं. मग मला विचारलं, आता परत बोलावणार नाही ना? मी नाही म्हटलं. "मग मी आपला न बोलावताच येत जाईन," म्हणाले. आणि खरंच येतात. बाकावर बसून घाबरलेल्या कुत्र्यांची मान खाजवतात. ताई म्हणतात, आता दवाखान्यात भुंकणं निम्म्यावर आलंय.

आईबाबा ठीक आहेत. मी दिवसभर काय करतो हे बाबांना अजून कळलेलं नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुझा लाडका (हे बाबांपुढे कबूल करू नकोस),
भाचा

ता. क. : दवाखान्याच्या दारात कुणीतरी तीन पायांची एक मांजर सोडून गेलंय. स्वभावानं गरीब आहे. मास्तरांनी घ्यावी अशी आम्हा सगळ्यांची इच्छा होती, पण "मांजर?" एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला. आमचे घरमालक कुंडीलाही नाक मुरडतात. तुझं घर मोठं आहे आणि तू एकटी आहेस, हे मी कुणालाही सुचवलं नव्हतं. डॉक्टरबाईंनाच सुचलं. मी फक्त मान हलवली.

ता. क. २ : मालकाचं नाव भरल्याशिवाय वेबसाइट नोंद घेत नाही. हा नियम मीच केलाय, आता मला तो मोडता येत नाही. तुझं नाव घातलंय.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मी जिन्यात उभा आहे. वाचून झालं की दार उघड, पिंजरा जड आहे.