उतरलेल्या मातीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, ज्याला बाजारात 'रोपवाले काका' आणि घरात 'अहो' म्हणतात, धंदा रोपवाटिका, वय सत्तरीच्या पलीकडे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीची खात्री डॉक्टरांनी सकाळीच करून घेतली. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी वार सांगितला, आणि पडद्याआड त्यांचा कंपाउंडर त्यांच्या केसांच्या नव्या टोपाविषयी काय बोलत होता तेही सांगितले. डॉक्टर म्हणाले, "बुद्धी शाबूत आहे. कान जरा जास्तच शाबूत आहेत."

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घरामागचा उतार मुलगा आणि मुलगी यांना निम्मा निम्मा दिला होता. ते रद्द समजावे. का रद्द, ते योग्य जागी येईल. मधली पाने गाळून कोणी शेवट गाठू नये.

कलम पहिले, मिळकतीचे वर्णन. माझ्या घराच्या मागच्या दारापासून सुरू होऊन खाली माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाच्या, परसापर्यंत जाणारा झाडीचा उतार. चढण अशी की शेळीसुद्धा विचार करून पाऊल टाकते. एक पहार आणि एक घमेले एवढ्या भांडवलावर, लोकांच्या बागांत खड्डे खणत मी इथे आलो, तेव्हा सपाट जमिनी सगळ्या संपल्या होत्या. विकणारा म्हणाला, "यावर करणार काय? नुसतं उभं राहायचं तरी झाडाला धरावं लागतं." मी म्हटलं, "धरायला झाड आहे ना? मग झालं." सरकारी कागदावर या जमिनीपुढे 'निरुपयोगी' असा शेरा आहे. शेरा लिहिणारा उतार चढून आलेला नसावा. त्याच्या अक्षरात दम लागलेला दिसत नाही.

म्हणून मातीचे वर्णन मीच करतो. सगळ्यात वर घोटा बुडेल एवढा पाचोळा. वरचा कोरडा, खालचा ओला, त्याच्या खालचा निम्मा माती होऊन बसलेला. मग वीतभर काळी, भुसभुशीत माती, गांडुळांनी चाळून ठेवल्यासारखी. तिच्याखाली तपकिरी माती आणि तिच्यात दगड. गुळगुळीत गोटे नव्हेत, धारदार कडांचे दगड, कारण ते पाण्याने घासून आणलेले नाहीत, वरच्या कड्यातून सुटून पडलेले आहेत. त्याखाली पहारीला दाद देणारा मुरूम आणि शेवटी कोणालाच दाद न देणारा कातळ. या मातीवर बादलीभर पाणी ओतले तर "पाणी कुठे गेलं?" असे विचारेपर्यंत ते गेलेले असते, मुळांच्या कडेने, दगडांच्या फटींतून, किड्यामुंग्यांच्या बिळांतून. डबके नाही, चिखल नाही. कान लावला तर पिताना ऐकू येते. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोट लावले की गोळा विस्कटतो. माझ्या पत्नीचा स्वभाव नेमका असा आहे: येईल ते सगळे पोटात घेते, साचू काही देत नाही. तिचा भाऊ मात्र शुद्ध चिकणमाती. वर्षापूर्वीचे पाणीसुद्धा धरून ठेवतो.

या मातीची खोड एकच. ती चालते. सावकाश, कोणाच्या नजरेत न भरता, खाली. म्हणूनच आमच्या झाडांचे बुंधे बुडाशी कोपरासारखे वाकलेले आहेत. झाड बिचारे सरळ व्हायला बघते आणि पायाखालची जमीन पुढे सरकते. पावसाळा सरला की पायथ्याशी उतरलेली माती घमेल्यात भरायची, वर न्यायची, मुळांशी घालायची आणि पाचोळा ओढून झाकायची, ही आमच्या घराची रीत. पत्नीने नवी नवरी असताना माती चढवली. मुलांनी शाळेच्या दप्तराआधी घमेले उचलले. जावयाला मी लग्न ठरवण्यापूर्वी एक घमेले दिले. तो अर्ध्या वाटेत खाली बसला, पण माती सांडली नाही. होकार मी तिथेच दिला.

कलम दुसरे. राहते घर, त्यातल्या वस्तूंसह, पत्नीला. माझ्या आरामखुर्चीबद्दल ती म्हणेल, "ही अडगळ आधी काढा." काढू नये. त्या खुर्चीचे महत्त्व कलम पाचमध्ये आहे.

कलम तिसरे, भिंतीबद्दल. चिरंजीव बांधकामाचे ठेकेदार आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी माती रोखण्यासाठी उताराच्या पायथ्याशी एक देखणी दगडी भिंत घातली. मी विचारले, "पाणी जायला भोकं कुठायत?"

"बाबा, भोकांची भिंत बघून गिऱ्हाईक पळेल. ही माझी जाहिरात आहे."

"अरे, ही माती पाणी ठेवत नाही, पुढे ढकलते. ते भिंतीमागे जाऊन बसेल."

"बसू दे की. माझी भिंत काय कागदाची आहे?"

भिंत कागदाची नव्हती, हे तिच्या पडण्याच्या आवाजावरून सिद्ध झाले. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागे साचले आणि चिरंजीवांची जाहिरात मेहुण्याच्या परसात, धुण्याच्या दगडावर, उताणी जाऊन पडली. सुदैवाने माणूस कोणी नव्हते. मेहुण्याने खालून आपल्या बहिणीला हाक मारली, "छोटे, त्याला सांग, आज भिंत पोचली. छप्पर धाडायचं असेल तर आधी कळवत जा म्हणावं!"

मी पत्नीला म्हटलं, "त्याला सांग, दगड परत हवेत."

खालून उत्तर आले, "सांग त्याला, जे खाली आलं ते खालच्याचं."

"मग मातीपण खालच्याचीच का, विचार!"

"हो म्हणावं!"

आम्ही दोघे एकमेकांना स्वच्छ दिसत होतो, ऐकूही येत होतो. मध्ये उभी राहून पत्नी म्हणाली, "मी आता कपडे वाळत घालू का?" त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले आणि माझे त्याच्या परसात जाणे संपले, म्हणजेच माती वर आणणेही संपले. त्याने त्या दगडांचा एक बाक रचला, बाकाशेजारी गुलाब लावले, आणि माझ्या मातीवर ते गुलाब असे माजले की मी त्या बाजूची खिडकीच उघडेनासा झालो.

कलम चौथे, जुने मृत्युपत्र का रद्द. गेल्या महिन्यात दोन्ही मुले आली होती. जेवणानंतर मी खुर्चीत डोळे मिटून पडलो आणि ते मला झोपलेला धरून चालले. मुलगा म्हणाला, "बाबांच्या मागे उतार कापायचा. तीन पायऱ्या पाडायच्या, वर काँक्रीट, त्यावर पाहुण्यांच्या खोल्या. नजारा बघ कसला आहे!"

मुलगी म्हणाली, "अरे, ते सगळं मामाच्या डोक्यावर येईल की."

"मामाचं काय घेऊन बसलीस? बाबांना तरी कुठे आवडतो तो?"

हे ऐकून मी डोळे उघडणार होतो, पण उघडले नाहीत. मेहुणा मला आवडत नाही, हे खरे आहे. परंतु त्याला न आवडून घेण्याचा हक्क माझा आहे. तो वारशाने कोणाकडे जात नाही. सबब रोपवाटिका, कुंड्या, रोपे आणि गिऱ्हाइकांसह मुलीला देतो, त्या एका वाक्याबद्दल. मुलाला माझी पहार. तिने भोके चांगली पडतात.

कलम पाचवे. हे लिहायला मला सगळ्यात जड जाते. माती वर नेणे थांबून बरीच वर्षे झाली. माझ्या हिशेबाने वरच्या झाडांची मुळे उघडी पडायला हवी होती. पडली नाहीत. मी मनात म्हणायचो, बघ, काय हात आहे तुझा, झाडे आपोआप जगतात. एका दुपारी खुर्चीत पडलो असताना मागच्या बाजूला घमेल्याची कडा दगडाला घासल्याचा आवाज आला. मग पत्नीचा आवाज.

"दादा, हळू. ह्यांचे कान फार तिखट आहेत."

"झोपलाय ना?" धापा टाकत मेहुणा.

"झोपलेत."

"मग घोरत कसा नाही?"

मी लगेच घोरायला लागलो.

पाचोळा ओढल्याचा आवाज मी नीट ओळखतो. त्याने माती घातली, हाताने दाबली, पाचोळा ओढून झाकली. काम आमच्या घरच्या पद्धतीने, एक पायरी न चुकवता. पत्नी म्हणाली, "एवढं करतोस, तर बोलून टाक की एकदा."

"कशाला बोलू? मी काय त्याच्या प्रेमाने वर येतो? वरची माती सरली तर दगड थेट माझ्या अंथरुणात येतील. मी घाबरून येतो, छोटे. त्याला यातलं काही सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्यानंतर माझी दुपारची झोप लांबते. मी उतारावर पावले ऐकू येताच घोरायला लागतो आणि घमेले रिकामे होऊन खाली जाईपर्यंत थांबत नाही. घसा दुखतो. पण माणूस या वयात एवढी चढण चढतो, तर आपण निदान घोरावे.

कलम सहावे, मुख्य व्यवस्था. वर वर्णन केलेला संपूर्ण उतार, झाडे, पाचोळा, दगड, गांडुळे यांसह, मी माझ्या मेहुण्याला देतो. प्रेमाने नव्हे. वरच्याला उतारातून नजारा दिसतो, खालच्याला उतार दिसतो. ज्याच्या अंथरुणात तो पहिल्यांदा यायचा, त्यानेच तो सांभाळावा. पुढेही खालच्या घराचा जो मालक तोच उताराचा मालक. दोन्ही वेगळे विकू नयेत. उतार कापू नये. पाचोळा झाडू नये. भिंत घालायची झाल्यास भोकांसकट.

मेहुण्याला मूलबाळ नाही आणि खालचे घर भाच्याला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना द्यायचे त्याच्या मनात आहे, हेही मी ऐकले आहे. माझी हरकत नाही. चिरंजीवांनी खुशाल तिथे राहावे, रात्री उताराखाली डोके टेकावे, आणि मग पायऱ्या पाडायच्या की कसे ते सकाळी ठरवावे.

तोपर्यंत मामांचे गुडघे थकले तर घमेले चिरंजीवांनी उचलावे. मामांनी बाकावर बसून चुका काढाव्यात. बाकाचे दगड मी आता परत मागत नाही. माझे नवे घमेले मेहुण्याला. त्याच्या घमेल्याची कडा फाटली आहे, म्हणूनच आवाज होतो. हे मृत्युपत्र त्याच बाकावर बसून मोठ्याने वाचावे. पत्नीने मध्ये उभे राहण्याची गरज नाही.

आणखी दोन कलमे लिहायची होती, पण खालून हाक आली आहे, "छोटे, झोपला का गं तो? माती वाळायला लागली!" आणि पत्नी दारातून माझ्याकडे बघते आहे. कदाचित तिला पहिल्यापासूनच माहीत असावे. सबब इथेच सही करतो आणि खुर्चीत जातो.

स्थळ: घराची मागची ओसरी, तोंड उताराकडे.
तारीख: पावसाळ्यानंतरचा पहिला कोरडा दिवस. आकडा डॉक्टरांनी घालावा.

सही: रोपवाले काका

साक्षीदार पहिले, डॉक्टर: आकडा घातला. मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमोर सही केली व ते तत्काळ घोरू लागले. तपासले असता पूर्ण जागे व शुद्धीत आढळले.

साक्षीदार दुसरे, न्हावी: मीपण पाहिले. घमेले रिकामे करून मेहुणे दाराशी थांबले आणि वहिनींना म्हणाले, "त्याला सांग, घसा दुखत असेल तर चहा घे म्हणावं." घोरणे थोडा वेळ थांबले होते. मग पुन्हा सुरू झाले.