एकावर एक

३ फेब्रुवारी

—आणि सुतळी ओढली तर अर्धी वस्ती सरकली! पोरं किंचाळली.

फरशीवर नकाशा मांडला होता. रस्ता म्हणजे सुतळी. दोन रस्ते मिळतात तिथे गाठ. घरं नाहीत, झाडं नाहीत, दुकानं नाहीत. तिसरी-चौथीच्या मुलांना एवढंच शिकवायचं होतं: रस्ता किती वाकडा ते सोडा, कोण कोणाला जोडलेलं आहे ते बघा.

चौथीतली खडू आज पुढे सरसावली. (तिच्या खऱ्या नावाने तिला आईसुद्धा हाक मारत नाही. बोटं कायम पांढरी.) हायवेची लाल सुतळी मी दोन डस्टरांवरून नेली होती, आमच्या गल्लीची त्याखालून. तिथे गाठ का नाही, असं एकाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "अरे, गल्ली बोगद्यातून जाते. हायवे वरून जातो. वर चढायला आहे काय तिथे? तुझं डोकं?"

"मग त्या दोन सुतळ्या कशा आहेत?" मी विचारलं.

"नुसत्या एकावर एक, बाई."

नुसत्या एकावर एक! इतकं सरळ मला सांगता आलं नसतं. फळ्यावर तेच लिहिलं. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या म्हणजे भेटल्या असं नाही.

चांगला दिवस होता. मधल्या सुट्टीनंतर शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. शाळा या महिन्याअखेर बंद. मुलं मोठ्या शाळेत जाणार. कारण, "सुलभ अंतरावर अन्य शाळा उपलब्ध."

सुलभ!

४ फेब्रुवारी

मोठी शाळा हायवेच्या कडेला आहे. आमच्या वस्तीतून तिथे जायचं तर पार रेल्वे फाटकापर्यंत जाऊन उलटं फिरायचं. मला तास लागतो. पहिलीतल्या पोराला किती लागेल ते पत्र लिहिणाऱ्याने एकदा चालून सांगावं. दप्तर घेऊन.

५ फेब्रुवारी

कार्यालयात गेले. साहेब गोड बोलतात. त्याचाच राग जास्त येतो.

"बसा ना बाई." स्क्रीन माझ्याकडे वळवला. निळी रेघ आमच्या शाळेपासून निघते, गल्लीतून जाते, हायवेपाशी येते आणि काटकोनात वळून थेट मोठ्या शाळेच्या दारात. "बघा. किलोमीटरसुद्धा नाही."

"तिथे वळता येत नाही. आमची गल्ली हायवेच्या खालून जाते. ते रस्ते मिळतच नाहीत."

"नकाशात मिळतात."

"मुलं नकाशात चालत नाहीत."

"वा! भाषा शिकवता वाटतं?"

कारकून हसला. त्याला हसायचा पगार मिळतो. दोन खोल्यांच्या शाळेत मी सगळंच शिकवते, नाकं पुसण्यापासून भागाकारापर्यंत — हे मला जिना उतरताना सुचलं. नेहमीसारखं.

घरी जेवताना सांगितलं. दादा त्याच हायवेवर टँकर चालवतो. घास हातात तसाच. "तिथे वळायचं? अगं त्या सरळ पट्ट्यात आम्ही ब्रेकवर पाय पण ठेवत नाही. पोरं येणार कुठून, आभाळातून?" आणि हसत सुटला.

वहिनी म्हणाली, "हसू नका हो. वन्सं रडायच्या बेतात आहेत."

रडायच्या नाही. चावायच्या!

६ फेब्रुवारी

अर्ज दिला. चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत शिव्या होत्या. शेवटी एकच मुद्दा ठेवला: सदर ठिकाणी दोन रस्त्यांना जोड नाही.

११ फेब्रुवारी

उत्तर नाही. आज दोन आया येऊन गेल्या. एकीने सरळ सांगितलं, शाळा गेली तर मी पोरीला घरीच ठेवणार, धाकट्याला सांभाळायला. ती खडूची आई. मी काय बोलणार? बोलले बरंच. तिने ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही न्याल का बाई रोज, फाटकावरून?"

१७ फेब्रुवारी

साहेब आले! पाहणी. गाडी शाळेच्या दारात, बूट चकचकीत. बोगदा इथून दिसतो. तिथपर्यंत चला म्हटलं तर "ऊन फार आहे." मग मी मुलांना सुतळ्या मांडायला सांगितल्या.

खडू पुढे झाली. "साहेब, ही ओढा." त्यांनी गल्लीची सुतळी ओढली. गल्ली सरकली, शाळा सरकली, वस्ती सरकली. लाल सुतळी डस्टरांवर तशीच.

"हायवे हलला नाही," ती म्हणाली. "म्हणजे गाठ नाही. गाठ नाही तर जाता येत नाही. कळलं?"

कळलं का, असं साहेबांना विचारलं कार्टीने! साहेबांनी पुन्हा ओढून पाहिली. चेहरा बदलला. त्यांना खरंच कळलं, मी पैजेवर सांगते.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"बाईंनी. पण बोगद्याचं मी शिकवलं बाईंना."

ते मोकळेपणी हसले. मोबाइलवर फोटो काढला, नेमका डस्टरांपाशी. मग मला म्हणाले, "पोरगी मुद्द्याचं बोलली. इथे जोड नाही, एवढीच अडचण ना?"

"एवढीच," मी म्हणाले.

"मग सुटली म्हणा."

घरी येताना मी गुणगुणत होते. लाज वाटते लिहायला, पण होते.

२१ फेब्रुवारी

कार्यालयाच्या शिपायाचा फोन. "बाई, तुमचं काम झालं. साहेबांनी जातीने लक्ष घातलं. उद्या सकाळी कागद घेऊन येतो."

वहिनीने मला मिठी मारली. दादा म्हणाला, "बघ, उगाच चावत होतीस."

उगाच? दोन रस्ते भेटत नाहीत हे कळायला एवढे दिवस, एक अर्ज, एक गाडी, आणि शेवटी चौथीतल्या पोरीने सुतळी ओढून दाखवायची! दोन पावलं चालून बोगद्यातून वर पाहिलं असतं तर? मान दुखली असती? जिंकूनही राग जात नाही. खडूच्या आईला निरोप धाडला, दप्तर उचलून ठेवू नका.

२२ फेब्रुवारी

सकाळी बोगद्यापाशी गर्दी होती. भरावावर लोखंडी जिना लावलाय, गल्लीपासून थेट हायवेपर्यंत. वर पत्र्याचा कठडा दाराएवढा कापलाय. रंग ओला होता. त्या फटीतून टँकर जाताना दिसत होते. जिना थरथरत होता.

शिपायाने कागद दिला. "अर्जात नमूद त्रुटी दूर करण्यात आली आहे." आणि शाळेच्या दाराला लावायला कुलूप दिलं.

आत खडूने सुतळ्या मांडल्या होत्या. तिने डस्टर काढून घेतले. गल्ली आणि हायवे एकावर एक होते तिथे गाठ मारली. गल्लीची सुतळी ओढली.

लाल सुतळी हलली.