साडूला मिळालेला एप्रन

मोंझे, रविवार
(चर्चमधून आल्या आल्या लिहायला बसलो आहे, तेव्हा मन निर्मळ आहे असं धरून वाचावं.)

तीर्थरूप कॉसमासदादा यांना थोरल्या मेव्हण्याचा आदरपूर्वक नमस्कार. आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, तळव्यांची ओंजळ करून हलकेच टाळ्या वाजवतो आहे असं समजा. कागदावर आवाज उमटत नाही, माझा इलाज नाही. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला किटवेच्या खाणीच्या धुरानं वाढला असं कळलं, त्यांना इकडे आठ दिवस हवापालटाला पाठवा. आमच्याकडे पाऊस बेताचा, गुरं ठीक, तांबड्या गायीला पाडी झाली. माझी तब्येत उत्तम आहे. कोणी विचारत नाही, म्हणून आपण होऊन सांगितली.

तुम्ही पाथियासला फोन करून त्याचं अभिनंदन केलंत असं समजलं. (त्यानंच सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.) मला राग आलेला नाही. पाथियास म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचा, चोल्वेचा, नवरा आणि म्हणून माझा साडू, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पण हल्ली तो तुमचा एकुलता एक मेव्हणा असल्यासारखं सगळे वागतात, म्हणून नातं एकदा कागदावर मांडून ठेवलं. वर्तमानपत्रात त्याचा एप्रन घातलेला फोटो आला, तोही तुम्ही पाहिला असेल. त्या फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं आहे. त्या कोपराची हकीकत तुम्हाला कळावी एवढ्यासाठीच हे पत्र.

झालं असं की लिव्हिंगस्टनला आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या नेतृत्वाची मोठी परिषद भरली. सेनेगलपासून लेसोथोपर्यंतच्या बाया आल्या होत्या आणि एकेकीचा डोक्याचा रुमाल असा उंच बांधलेला, की मागच्या रांगेतल्या माणसाला व्यासपीठ दिसू नये. तुमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या मुतिंताला, तिथे भाषणाचं बोलावणं आलं. येणारच, आमच्या दूध केंद्राची ती अध्यक्ष आहे. चोल्वे नगरसेविका, त्यामुळे तिलाही आलं. आणि पत्राच्या खाली एक ओळ होती, की इच्छा असल्यास नवऱ्यानं सोबत यावं, दुसऱ्या दिवशी नवऱ्यांचा खास कार्यक्रम ठेवला आहे, त्यात एकाला ‘समतेचा साथी’ म्हणून गौरवण्यात येईल. दादा, खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचताच मला वाटलं हे माझंच काम. मी शाळेत सुतारकाम शिकवतो. मोंझ्यातल्या निम्म्या घरांत मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायचे लाकडी डाव माझ्या हातचे आहेत. बायकांच्या हातात माझ्याएवढं बळ दुसऱ्या कोणत्या पुरुषानं दिलं आहे?

आम्ही मोंझेहून बसमध्ये बसलो. चोमाला पाथियास आणि चोल्वे चढले. सहा फूट उंच पाथियास, तो चर्चमध्ये गाताना बाया ज्याच्याकडे वळून बघतात तो पाथियास, बायकोची पर्स खांद्याला अडकवून चढला! गुलाबी पर्स, सोनेरी साखळी. आणि त्याला ती शोभत होती, हे जास्त वाईट. सगळी बस कौतुकानं बघू लागली. मी ताबडतोब मुतिंताच्या मांडीवरची पर्स उचलून माझ्या खांद्याला लावली.

“अहो, हे काय? ठेवा ती इथं,” मुतिंता म्हणाली.

“असू दे. तुला ओझं कशाला?”

“त्यात चष्मा आहे माझा. तुम्ही कुठंतरी विसराल.”

चोल्वे पुढच्या बाकावरून खिदळली, “राहू दे गं ताई. दाजींना आजच उमाळा आलाय, वाया नको घालवूस.”

तर ती पर्स मी दिवसभर खाली ठेवली नाही. (जेवतानाही नाही. एका हातानं खाल्लं.) नदीकाठचं हॉटेल, हिरवळीवर झेब्रे चरताहेत, आणि एक छायाचित्रकार पाथियासचे पर्ससकट फोटो काढतो आहे. म्हणून मीही जरा पुढे जाऊन झाडाखाली उभा राहिलो, खांदा किंचित पुढे केला, आणि छायाचित्रकार माझ्याकडे वळला, तेवढ्यात मागून कोणीतरी पर्स ओढली. मला वाटलं पाथियास. मी न बघताच म्हणालो, “सोड, लाज वाटत नाही?” वळून बघतो तर बबून माकड. चांगला थोराड, माझ्याहून जास्त ठाम स्वभावाचा. पर्स घेऊन झाडावर चढला, फांदीवर बसून त्यानं मुतिंताची पावडर उघडून खाल्ली आणि चष्मा डोळ्यांशी नेऊन माझ्याकडे असा काही पाहू लागला, की तशा नजरेनं माझ्याकडे फक्त आमच्या मुख्याध्यापकांनीच पाहिलं आहे.

आत सभागृहात मुतिंताचं नाव पुकारलं गेलं होतं. ती भाषणाचे कागद घेऊन उभी, आणि अक्षर दिसत नाही. दादा, आता जे लिहितो ते लिहिताना माझा हात जड होतो. पाथियास पहिल्या रांगेतून उठला, स्वतःचा चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्या बायकोला दिला. त्या सगळ्या आफ्रिकेच्या देखत माझ्या बायकोनं माझ्या साडूच्या चष्म्यातून भाषण वाचलं. आणि काय वाचलं! गायींच्या धारा काढायच्या बायकांनी, पहाटे डोक्यावरून दूध केंद्रावर आणायचं बायकांनी आणि वहीत नाव नवऱ्याचं, हे तिनं कसं बदलून घेतलं. बाप्ये कसे काठ्या घेऊन केंद्रावर आले आणि ही दारात स्टूल टाकून कशी बसून राहिली, ते सगळं. मी दाराशी उभा होतो. हे सगळं मला माहीत होतं, पण मला ते रोज जेवायला उशीर होण्याचं कारण म्हणून माहीत होतं. माणसं उठून उभी राहिली. मीही टाळ्या वाजवल्या, पण त्यातल्या निम्म्या त्या चष्म्याला पडताहेत असं सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यांचा कार्यक्रम. सूत्रं सेनेगलच्या एका भारदस्त बाईंकडे. जांभळा पायघोळ झगा, आणि आवाज असा की माईक उगीचच धरला होता. बाकीचे नवरे (शहाणे) शेवटच्या क्षणी नदी बघायला गेले, म्हणून व्यासपीठावर उरलो आम्ही दोघे. बाईंनी आधी आमच्या बायकांना विचारलं, की नवरा घरात काय काय करतो. चोल्वे राजकारणातली, तिनं स्वयंपाकापासून पोरांच्या आंघोळीपर्यंत यादी अशी सुरू केली, की मी मनात म्हटलं, थापा मारायलाही काही मर्यादा असते. मग मुतिंताची पाळी आली. ती विचारात पडली. फार वेळ पडली. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

“शेंगा सोलतात,” शेवटी ती म्हणाली.

लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात तिनं पुरं केलं, “समोर आणून ठेवल्या तर.”

दादा, तुमची बहीण खरं बोलणारी आहे, आणि तिला तसं वाढवल्याबद्दल मी तुम्हा सगळ्या घराण्याला आजवर कधी दोष दिला नव्हता. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मला वाटलं संपलं. पण बाईंनी पडदा बाजूला केला तर मागे दोन शेगड्या, दोन पातेली, पीठ, पाणी. म्हणाल्या, आता न्शिमा करून दाखवा. मी पाथियासकडे पाहिलं. मला खात्री होती की चोल्वेचं बिंग आता फुटणार, आणि त्या आनंदात मी उकळत्या पाण्यात सगळं पीठ एकदम ओतलं. जे झालं ते पाहून मला आमच्या शाळेच्या पायाभरणीची आठवण आली. एकेक गुठळी कबुतराच्या अंड्याएवढी. मी जोर लावून घोटायला गेलो, तर एक गुठळी उडून बाईंच्या जांभळ्या झग्यावर बसली.

आणि पाथियास? त्यानं थोडं पीठ गार पाण्यात कालवलं, सैलसर पेज केली, झाकण ठेवलं, हात बांधून शांत उभा राहिला. मग झाकण काढून मूठमूठ पीठ घालत, पातेल्याच्या कडेला दाबून दाबून असा घोटायला लागला, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया “अस्सं, अस्सं!” म्हणून पुढे वाकल्या. न्शिमा वाटीनं ताटात पाडली ती गुळगुळीत, चंद्रासारखी. आणि ज्या डावानं त्यानं घोटली ना दादा, तो डाव त्यांच्या लग्नात मी दिलेला! घरून घेऊन आला होता बरोबर. त्याला एप्रन घालण्यात आला, छातीवर ‘समतेचा साथी’ असं भरतकाम. फोटो काढताना मला बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकलो. कोपर राहिलं.

नंतर नदीकाठी तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला टोचून विचारलं, “कधीपासूनची तालीम होती ही?”

“चोल्वे निवडून आली तेव्हापासून,” तो म्हणाला. “पहिल्याच सकाळी ती मीटिंगला गेली नि पोरं ताटल्या घेऊन बसली. दार लावून घेतलं, आईला फोन केला, विचारलं पीठ किती. आई रडायलाच लागली, म्हणाली, माझ्या लेकावर काय वेळ आली.”

“मग?”

“मग मीपण रडलो. कांदा चिरत होतो.” आणि हसला. नंतर हळूच म्हणाला, “रॅबसनभाऊ, दोन वर्षं दार लावूनच करत होतो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आता उघडं असतं.”

म्हणजे चोल्वेनं सांगितलेलं सगळं खरं होतं. थापाड्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं दादा. हा त्याहून अवघड प्रकार निघाला.

परतीच्या बसमध्ये मुतिंता माझ्या शेजारी न बसता चोल्वेच्या शेजारी बसली. त्या दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं (मला ऐकू यावं असंच बोलत होत्या). त्या सेनेगलच्या बाईंनी मुतिंताला किगालीला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तिथून आलेल्या बाया पुढे प्रांताच्या संघावर जातात, आणि दुधाचा भाव तिथेच ठरतो. मुतिंतानं नाही म्हणून सांगितलं होतं. का, तर घरी कोण बघणार. आमची मुलं कधीच मोठी होऊन बाहेर पडली आहेत, तेव्हा बघायचं ते मलाच. मला आधी बरं वाटलं. बायकोला आपली काळजी आहे, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? पण तेवढ्यात पुढच्या बाकावरून तो एप्रनवाला (घातलेलाच होता!) वळून म्हणाला, “जा ना ताई. मी असतो तर पाठवलं असतं.”

दादा, मी उभा राहिलो. चालत्या बसमध्ये, छताला डोकं आपटून. आणि ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “तू कोण पाठवणारा? ती जाते आहे! मी पाठवतोय... म्हणजे, तिची ती जाते आहे!”

बसमध्ये टाळ्या पडल्या. त्या माझ्या एकट्याच्या होत्या, त्यात कोणाचा चष्मा नव्हता. मुतिंता मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

“खरंच?” तिनं विचारलं.

“एवढी माणसं ऐकताहेत, आता खोटं कसं करू?”

“माणसं चोमाला उतरतील,” ती म्हणाली. “घरी पोचल्यावर पुन्हा विचारीन.”

घरी पोचल्यावर तिनं पुन्हा विचारलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, टाळ्या वाजवायलाही कोणी नव्हतं. मी हो म्हणालो. ते का म्हणालो हे मला अजून नीट सांगता येत नाही; तिच्या भाषणातली ती दारातल्या स्टुलाची गोष्ट डोक्यात घोळत होती, एवढं खरं. तिनं माझ्या समोर शेंगा भरलेलं सूप आणून ठेवलं आणि पलीकडच्या बाजूनं स्वतःही सोलायला बसली.

तर ती किगालीला गेली आहे. घर उत्तम चाललं आहे. सकाळी पेज, दुपारी न्शिमा, भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, विरजलेलं दूध. शेजारीण काल कुंपणावरून डोकावून म्हणाली, वास तर बाईमाणूस घरात असल्यासारखा येतोय. एप्रन कोणालाही मिळतो. घर चालवून दाखवणं निराळं. तेव्हा पाथियासचं केलेलं अभिनंदन मागे घ्या असं मी म्हणणार नाही, फक्त मोठ्या भावानं कौतुक करताना दोन्ही मेव्हण्यांना एकाच मापानं मोजावं, एवढी नम्र विनंती करून हे पत्र पुरं करतो. वहिनींना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचा थोरला (हा शब्द मुद्दाम) मेव्हणा,
रॅबसन हामूंगा

ता. क. वर लिहिलेल्या जेवणातली पेज मी स्वतः केली. परवा.

दुसरा ता. क. बाकीचं पाथियास करतो. तो गेल्या मंगळवारपासून माझ्याकडेच राहायला आहे. मुतिंता गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला होता (केवळ क्षेमकुशल विचारायला, पोटाचा विषय त्यानं काढला). तो मला शिकवतो आहे. गुठळ्या आता शेंगदाण्याएवढ्या झाल्या आहेत.

तिसरा ता. क. आता मुख्य काम. चोल्वेचा फोन आला होता, की चोमाला सगळे पाव खाऊन कंटाळले आहेत, पोरं ताटल्या वाजवताहेत, माझा नवरा ताबडतोब परत पाठवा, नाहीतर मी स्वतः न्यायला येते. ती आता नगरसेविकेच्या आवाजात बोलते, माझं काही चालत नाही. पण तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा दादा, पत्र मिळताच तिला फोन करून बजावा, की पाथियासला मुतिंता परत येईपर्यंत इकडे राहू दे. असा माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही. कृपा करून उशीर करू नका. त्यानं एप्रनची घडी घालायला घेतली आहे.